पातेऱ्यातलं बदामाचं पान आणि काचेची टाकी



थंडी सरत आली की शाळेच्या आवारातलं, देवळासमोरचं देशी बदामाचं झाड लालबुंद होतं. मग पानं गळायला लागतात. सकाळी झाडून ढीग करायचा, दुपारी पुन्हा तेवढाच पाचोळा. आपण तो परसात टाकतो, भाजावळीला नेतो, नाहीतर काडी लावतो.

गेल्या वर्षी आपल्या एका गटाच्या मासिक सभेत एका काकींनी पिशवीतून एक पाकीट काढलं. मुंबईहून त्यांचा भाचा आला होता, त्याच्या घरी माशांची टाकी आहे. पाकिटात वाळलेली दहा पानं होती, विकत आणलेली. काकी म्हणाल्या, "अगो, ह्यो तर आमच्या खळ्यातलो पातेरो! ह्येचे पैशे कोण देतलो?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण प्रश्न खरा होता. पैसे कोण देतं, कशासाठी देतं आणि ते घ्यायला आपण लायक माल देऊ शकतो का?

त्या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही वर्षभर जे शिकलो, ते या पाठात लिहिते आहे. त्यात आमची एक मोठी चूकही आहे. ती वाचल्याशिवाय पुढची कामं सुरू करू नका.

१. हे झाड नेमकं कोणतं?

आपण ज्याला देशी बदाम, जंगली बदाम किंवा बंगाली बदाम म्हणतो, तेच हे झाड. त्याचं शास्त्रीय नाव टर्मिनालिया कटाप्पा. फांद्या छत्रीसारख्या आडव्या, मजल्यावर मजला रचल्यासारख्या. पान मोठं, देठाकडे निमुळतं आणि टोकाकडे रुंद. फळ चपटं, मुलं दगडाने फोडून आतला गर खातात. समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्यातही हे झाड छान वाढतं, म्हणून किनारपट्टीला ते सगळीकडे दिसतं.

दुकानातला खायचा बदाम वेगळ्या झाडाचा. तो थंड प्रदेशात, आपल्या देशात काश्मीरकडे होतो. नाव एक असलं तरी दोघांचा नात्याने संबंध नाही. आपल्या देशी बदामाचे खरे सख्खे म्हणजे हिरडा, बेहडा, ऐन आणि अर्जुन. हिरडा चघळला की तोंड कसं तुरट होतं, आठवतं ना? तो तुरटपणा ज्या द्रव्यामुळे येतो, त्याला टॅनिन म्हणतात. चहातही टॅनिन असतं. बदामाच्या पानातही ते भरपूर असतं आणि आपल्या पाठाचा सगळा खेळ त्याच्यावरच आहे.

दुकानात हेच पान 'इंडियन आल्मंड लीफ' किंवा 'कॅटापा लीफ' या नावाने मिळतं. मलेशिया-इंडोनेशियाकडे या झाडाला केटापांग म्हणतात, म्हणून काही पाकिटांवर तेही नाव असतं. थायलंडमध्ये फायटर मासे पाळणारे लोक हे पान फार पूर्वीपासून वापरत आले आहेत.

२. टाकीत पान कशाला घालतात?

आपल्याकडे रानातल्या व्हाळाला उन्हाळ्यात कुठेतरी डबकं साचून राहतं. वरून पानं पडलेली, पाणी फिक्या चहासारखं. घाण नसतं, पण रंगीत असतं. जगात काही ठिकाणी नद्याच्या नद्या अशा आहेत. दक्षिण अमेरिकेतली रिओ नेग्रो नदी तर नावानेच 'काळी नदी' आहे. काचेच्या टाकीत आपण पाहतो ते काही टेट्रा मासे मूळचे अशाच पाण्यातले. आग्नेय आशियातले बरेच जंगली फायटरही पानं कुजलेल्या, चहाच्या रंगाच्या पाण्यात राहतात.

पान टाकीत घातलं की चार गोष्टी घडतात.

एक, पाण्याला फिका तपकिरी रंग येतो. उजेड थोडा मंद होतो. सावलीतल्या पाण्याची सवय असलेले मासे त्यात कमी बुजतात.

दोन, पानातली आम्लं पाण्यात उतरतात. पाणी मऊ असेल तर त्याचा पीएच थोडा खाली येतो.

तीन, पानावर बारीक बुळबुळीत थर धरतो. तो सूक्ष्म जीवांचा असतो. छोटी कोळंबी आणि गोगलगायी तो खरवडून खातात. माशांच्या अगदी लहान पिल्लांनाही त्यातून खाणं मिळतं.

चार, पानाखाली लपायला जागा होते. अशक्त मासा, पिल्लं, कात टाकलेली कोळंबी यांना आडोसा लागतोच.

पानाच्या अर्कामुळे काही जंतू आणि बुरशी यांची वाढ कमी होते, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण प्रयोगशाळेतला तीव्र अर्क वेगळा आणि टाकीतलं एक पान वेगळं. आजारी मासा पानाने बरा होतो, असं आपण कुणालाही सांगायचं नाही. हा मुद्दा पुढे लेबलच्या वेळी पुन्हा येईल.

३. सगळ्या टाक्यांना पान लागतं का?

नाही. हे विकणाऱ्या बाईला माहीत असलंच पाहिजे, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं.

फायटर, टेट्रा, रासबोरा या माशांना मऊ, किंचित आंबट पाणी चालतं, त्यांच्या टाकीत पान शोभतं. गप्पी, मॉली आणि गोल्डफिश यांना मात्र थोडं जड पाणी मानवतं. त्यांच्या टाकीत पान घालायची गरज नाही. कुणी गप्पीसाठी पान मागितलं तर खरं ते सांगा. एक पाकीट कमी खपेल, पण तो माणूस पुढच्या वेळी तुमच्याकडेच सल्ला विचारायला येईल.

दुसरी गोष्ट पाण्याची. कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुतेक मऊ असतं. साबणाला भरपूर फेस येतो, भांड्याला पांढरा थर धरत नाही. अशा पाण्यात पान लगेच परिणाम करतं, म्हणून बेताने घालायचं. घाटावरच्या बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं. फेस कमी, बंबाला आणि हीटरला पांढरी पुटं. अशा पाण्यात दोन-तीन पानं घातली तरी रंग येईल, पण पीएच फारसा हलणार नाही. "पान घातलं तरी पीएच उतरला नाही, तुमचा माल खोटा," असं म्हणणारं गिऱ्हाईक भेटेल. तेव्हा पाणी कुठलं आहे, हे आधी विचारा. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या बाजारात मिळतात. गटाकडे एक डबी असावी.

४. घरच्या टाकीत पान कसं घालायचं?

आधी टाकीत पाणी किती बसतं ते काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि १००० ने भागा. टाकी ६० बाय ३० असेल आणि पाणी ३० सेंटिमीटर उंच असेल, तर ६० × ३० × ३० = ५४,०००. म्हणजे ५४ लिटर. तळातली वाळू आणि दगड वजा केले तर ४५ लिटरच्या आसपास धरा.

प्रमाण सोपं आहे: ४० ते ५० लिटर पाण्याला हातभर नव्हे, वीतभर लांबीचं एक पान. पहिल्यांदा अर्धंच घाला. विहिरीचं मऊ पाणी असेल तर अर्ध्यावर आठवडाभर थांबा. छोट्या बरणीत एक फायटर ठेवला असेल तर पानाचा दोन बोटं रुंदीचा तुकडा पुरे.

मग या क्रमाने करा.

पान साध्या पाण्याखाली हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी धुवा. साबण, भांड्याची पावडर, काही लावायचं नाही.

स्टीलच्या पातेल्यात पान ठेवून वर उकळतं पाणी ओता आणि झाकून गार होऊ द्या. यामुळे वरचे किडे आणि अंडी जातात, शिवाय पान लवकर बुडतं. लोखंडी भांडं घेऊ नका. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की पाणी काळंशार होतं. पातेल्यातलं पाणी झाडाला घाला.

पान टाकीत सोडा. उकळतं पाणी न घालता कोरडंच सोडलं तर ते दोन-चार दिवस तरंगत राहतं. घाबरू नका, आपोआप बुडेल.

पहिले तीन दिवस सकाळी बघायचं. मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घेत असतील, तर पान लगेच काढा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला. पानावर पांढरट साय दिसली तर ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, काही दिवसांत जाते.

महिना-दीड महिन्यात पान विरघळत जाऊन शिरांची जाळी उरते. ती काढून नवं पान घाला. तुकडे फिल्टरमध्ये अडकू देऊ नका.

पान घातलं म्हणून पाणी बदलणं थांबवायचं नाही. दर आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी बदलायचंच. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जायला रुंद बादलीत एक दिवस उघडं ठेवून मग घाला.

आणि फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो पानाचा रंग शोषून घेतो. रंग हवा असेल तर कोळसा काढा, नको असेल तर ठेवा.

५. हिरवं पान का चालत नाही?

हिरव्या पानात झाडाचा जीव असतो: साखर, रस, प्रथिनं. ते पाण्यात गेलं की सडतं. सडताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि माशांचा जीव गुदमरतो. झाड पान टाकण्याआधी त्यातलं कामाचं बरंचसं परत आत ओढून घेतं. हिरवा रंग मोडतो आणि लाल-पिवळा दिसायला लागतो. गळून वाळलेल्या तपकिरी पानात सडण्यासारखं थोडंच उरतं, टॅनिन मात्र राहतं. म्हणून झाडाने स्वतः टाकलेलं पान घ्यायचं. फांद्या हलवून, काठीने झोडून पानं पाडायची नाहीत. त्याने मालही बिघडतो आणि झाडही.

"मग दुसऱ्या कुठल्या झाडाचं पान चालेल?" हे सभेत सगळ्यांनी विचारलं. पेरू, फणस, तुती यांची वाळलेली पानं मासे पाळणारे लोक वापरतात. पण कण्हेर, रुई, शेर, निलगिरी, कडुनिंब यांच्या वाटेला जाऊ नका. कडुनिंब माणसाला गुणाचा म्हणून माशालाही गुणाचा असेल, असं नाही. ज्याची खात्री नाही ते पान परसातच बरं.

६. आमची चूक

आता खरं सांगायचं ते सांगते.

पाच जणींनी मिळून सुरुवात केली. गटाच्या सचिव ताईंच्या पडवीत एक जुनी दोन फुटी टाकी ठेवली. त्यात सहा रासबोरा आणि चार छोटी कोळंबी. शाळेच्या झाडाची पानं घातली, तीन आठवडे सगळं उत्तम. मुलं शाळा सुटली की टाकीसमोर येऊन बसायची. आम्हाला धीर आला. पानं गोळा करायचं काम वाढवलं. शाळेचं झाड, देवळासमोरचं झाड आणि एका काकींच्या कलमांच्या बागेच्या गडग्याला लागून असलेलं झाड. सोयीचं म्हणून "सगळी एकाच गोणीत भरा," असं मीच सांगितलं. धुऊन, वाळवून, निवडून ४६ पाकिटं तयार झाली. दुकानदाराशी बोलणं झालं होतं.

पाकिटं जायच्या आदल्या दिवशी सचिव ताईंनी टाकीतलं जुनं पान बदलून बागेकडचं नवं पान घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. चारही कोळंबी मेली होती. संध्याकाळपर्यंत चार मासे गेले.

आम्ही पाचही जणी पडवीत बसलो. कुणीतरी हळूच म्हणालं, पाणी बिघडलं असेल. तेही शक्य होतं. पण मग बागेच्या काकीच बोलल्या. मोहोर आल्यापासून त्यांच्या बागेत तुडतुड्यासाठी फवारण्या चालू होत्या, शेवटची आठ दिवसांपूर्वीची. गडग्यापलीकडच्या झाडावर फवारा उडणारच.

जरा महिने जुळवून बघा. हापूसच्या मोहोरावर फवारणी होते ती थंडीत आणि थंडी सरताना. देशी बदामाची पानं गळतात तीही त्याच दिवसांत. आणि तुडतुड्यासाठी जी कीटकनाशकं मारतात, त्यांतली काही, डेल्टामेथ्रिन किंवा लॅम्डा सायहॅलोथ्रिनसारखी, मासे आणि कोळंबी यांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. ती पानाला चिकटून बसतात. धुतल्याने जातील याचा भरवसा नाही.

आमच्या टाकीत मासे नेमके त्यानेच मेले, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्याकडे तपासणीची सोय नव्हती. पण ४६ पाकिटांत कुठलं पान शाळेचं आणि कुठलं बागेचं, हेही आम्ही सांगू शकत नव्हतो. कारण गोणी एकच होती.

पाच जणींची तीन दिवसांची मेहनत समोर होती. "शाळेचीच पानं जास्त आहेत, जाऊ देत," असं म्हणायचा मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू. तेव्हा त्या काकीच उठल्या. "माझ्याच झाडाची पाना ती. टाकून देवया सगळी." स्वतःच्या झाडाबद्दल असं चारचौघींत बोलायला धैर्य लागतं. आम्ही पाकिटं फोडली, पिशव्या वेगळ्या ठेवल्या, पानं खोल खड्ड्यात पुरली. विहीर आणि व्हाळ दोन्हींपासून लांब. दुकानदाराला फोन करून खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी आणा, पण अशीच तपासून आणा."

त्या दिवशी मला कळलं की चाचणीची टाकी हा दिखावा नाही, ती आपली राखण आहे. ती पडवीत नसती तर मासे कुणाच्या तरी घरी मेले असते, आणि आपल्याला कळलंही नसतं.

७. आता आम्ही कसं करतो

*झाड निवडणं.* कलमांची बाग, भाताचं किंवा भाजीचं फवारलेलं शेत, हमरस्ता, गॅरेज, यांच्याजवळचं झाड नको. मालकाला विचारायचं: जवळपास फवारणी होते का, कधी झाली? झाड शाळेचं, देवळाचं किंवा खाजगी असेल तर परवानगी घ्यायची. इतिवृत्तात नोंद करायची. वनखात्याच्या जमिनीवरून न विचारता काही आणायचं नाही.

*उचलणं.* त्याच दिवशी पडलेली, अखंड पानं. पक्ष्यांची विष्ठा, काळे डाग, बुरशी, किड्यांची जाळी असलेली सोडून द्यायची.

*वेगळं ठेवणं.* एक झाड, एक गोणी, एक नंबर. शाळेचं झाड १, देवळाचं झाड २. गोणीवर तारीख आणि उचलणारीचं नाव. हा नंबर शेवटी पाकिटावर येतो.

*वाळवणं.* धुऊन, निथळून, सावलीत, जमिनीपासून वर जाळीवर किंवा बांबूच्या तट्ट्यावर. एकावर एक ढीग नको. हवेप्रमाणे सात ते दहा दिवस लागतात. रोज एकदा पालटायची. पान मुठीत दाबलं की कडकड वाजलं पाहिजे.

*ओल तपासणं.* प्रत्येक गोणीतली चार पानं पारदर्शक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी पिशवीला आतून दव दिसलं तर माल अजून ओला आहे. पुन्हा वाळवा. ओलं पान बंद केलं की आठवड्यात पांढरी बुरशी धरते.

*साठवण.* कोरड्या खोक्यात. त्या खोलीत डांबरगोळ्या, झुरळाचा स्प्रे, डासांची कॉइल काही नको. पान वास आणि औषध दोन्ही धरतं.

*दोन बरण्यांची परीक्षा.* माशांच्या जिवावर परीक्षा नको म्हणून ही पद्धत आम्ही सुरू केली. दोन सारख्या बरण्या घ्या. दोन्हींत एकाच विहिरीचं पाणी. एकीत त्या नंबरचं पान रात्रभर भिजवा, दुसरीत काही नाही. मग दोन्हींत डासांच्या दहा-दहा अळ्या सोडा आणि तोंडाला घट्ट कापड बांधा, म्हणजे डास बाहेर पडणार नाहीत. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. साध्या पाण्यातल्या अळ्या वळवळत आहेत आणि पानाच्या पाण्यातल्या मेल्या, तर ती गोणी बाद. झाल्यावर दोन्ही बरण्या कोरड्या मातीवर ओता. ध्यानात ठेवा, ही परीक्षा मोठा दोष पकडते, बारीक दोष सुटू शकतो. म्हणून ती झाड निवडण्याच्या बदल्यात नाही, त्याच्या जोडीला आहे. परीक्षेत पास झालेली गोणीसुद्धा आधी आपल्या टाकीत, मग पाकिटात.

बाद झालेली पण स्वच्छ झाडाची पानं वाया जात नाहीत. भाजावळीला, खतखड्ड्यात, अळ्यात आच्छादनाला जातात. पातेरा हा कोकणात कधी कचरा नव्हताच. तेव्हा घरच्या शेतीला लागतो तेवढा आधी ठेवा, उरलेल्यातून धंदा करा.

८. लेबलवर काय लिहायचं?

हे लिहा: देशी बदामाची वाळलेली पानं, नग १०. लांबी साधारण १५ ते २० सेंटिमीटर. गोळा केल्याचा महिना. झाड नंबर. ४० ते ५० लिटरला एक पान, सुरुवात अर्ध्याने. वापरण्यापूर्वी धुवा. गटाचं नाव आणि फोन नंबर.

हे लिहू नका: सर्व रोगांवर रामबाण. मासे मरणार नाहीत. पाणी बदलायची गरज नाही. शंभर टक्के औषधी.

एका ताईंनी विचारलं, "दुसऱ्यांच्या पाकिटावर तर असं लिहिलेलं असतं, मग आपलं कोण घेणार?" घेतील. झाडाचा नंबर आणि फोन नंबर असलेलं पाकीट म्हणजे ज्याला विचारता येतं असं पाकीट. पान वाईट निघालं तर आपण कुठल्या झाडाचं ते सांगू शकतो, बाकीची थांबवू शकतो.

९. हिशोब करून बघू

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या बाजारातला भाव तीन दुकानांत विचारून घाला.

समजा ७०० पानं उचलली, निवडून ५०० उरली. दहाचं एक, अशी ५० पाकिटं. दुकानदार एका पाकिटाला ३० रुपये देतो. एकूण १५०० रुपये.

खर्च: पिशव्या १५०, लेबलं १००, खोकं आणि पार्सल १८०, जाणं-येणं आणि फोन ७०. एकूण ५०० रुपये. उरले १०००.

आता वेळ: उचलणं ६ तास, धुणं-वाळवणं ८, निवडणं-भरणं ६. एकूण २० तास. १००० भागिले २० म्हणजे तासाला ५० रुपये. पाच जणींनी चार-चार तास दिले तर प्रत्येकीला २००.

आता यातली १० पाकिटं बुरशीने परत आली असं धरा. ३०० रुपये गेले. उरले ७००, म्हणजे तासाला ३५. पाचातलं एक पाकीट परत आलं आणि कमाई जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटली. म्हणून वाळवण्यात एक दिवस जास्त गेला तरी तो महाग नाही.

यावरून हेही दिसतं की हा वर्षभराचा धंदा नाही. झाड पानं टाकतं त्या काही आठवड्यांचं हे जोडकाम आहे. पहिल्या वर्षी यासाठी अंतर्गत कर्ज काढू नका. गोठ्यातल्या तट्ट्या, घरची खोकी, गटाची एक जुनी टाकी एवढ्यावर सुरू होतं. उधारीवर माल देऊ नका. पहिल्या खेपेला दहाच पाकिटं द्या आणि पैसे आले की पुढची. दुकान कुडाळचं असो, कोल्हापूरचं असो की मुंबईत क्रॉफर्ड मार्केटकडचं, नियम तोच.

१०. पुढच्या सभेत यावर बोला

१. आपल्या गावात देशी बदामाची झाडं किती, कुणाची आणि फवारणीपासून किती लांब? कागदावर नकाशा काढा.

२. तुमच्या विहिरीचं पाणी मऊ की जड? साबणाचा फेस बघून ठरवा, मग पीएच पट्टीने तपासा.

३. टाकी ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि पाणी २५ सेंटिमीटर उंच. किती लिटर? पान किती घालाल?

४. गिऱ्हाईक म्हणतं, "माझ्या गोल्डफिशला पांढरे डाग आलेत, पान द्या." तुम्ही काय सांगाल?

५. समजा शेवटच्या दिवशी एका गोणीवर शंका आली आणि दुकानदार दारात उभा आहे. निर्णय कोण घेणार? हे आजच ठरवून इतिवृत्तात लिहा. त्या वेळी ठरवायला बसलात तर मोह जिंकतो, हे मी बघितलं आहे.

यंदा त्या पाच जणींनी झाड १ आणि झाड २ ची पानं वेगवेगळ्या तट्ट्यांवर वाळत घातली आहेत. बागेच्या काकी आता ग्रामसंघात कुणी नवीन झाड सुचवलं की पहिला प्रश्न विचारतात: "फवारणी कधी मारलास?" पडवीतल्या टाकीत नवे सहा रासबोरा आले आहेत. पाणी चहाच्या रंगाचं आहे आणि त्यात एक पान जाळीदार होत चाललं आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी सभेच्या दिवशी थोडं लवकर या. मी तिथेच असते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक